पडावयास शिकणे : जपानी युद्धकलांतील चिकाटीचा पाठ

व्यापारी घरात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर ‘चिकाटी’ हा शब्द फार लवकर पडतो. पेढीवर बसावयास लागून महिना झाला नाही तोच मुलगा कंटाळला, पहिल्याच हंगामात माल अंगावर पडला, उधारी वसूल होईना म्हणून तो हिरमुसला, की वडीलधारी मंडळी त्याला सांगतात, “चिकाटी धर.” सल्ला योग्यच असतो. पण चिकाटी धरावयाची कशी, हे सहसा कोणी सांगत नाही. ती एखाद्याच्या रक्तात असते किंवा नसते, अशीच जणू आपली समजूत असते. चिकाटी हा उपजत गुण न मानता तिला अभ्यासाचा विषय मानणारी एक परंपरा जपानमध्ये आहे. ज्यूदो, केंडो, कराटे आणि धनुर्विद्या यांच्या तालमींतून चालत आलेल्या या परंपरेने चिकाटी शिकविण्यासाठी वेळापत्रक ठरविले, पायऱ्या आखल्या, प्रमाणपत्रे छापली. फार काय, पडावे कसे याचीसुद्धा रीत घालून दिली. तिचा थोडा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

अहिंसा हे ज्यांच्या घरचे व्रत आहे त्यांच्या स्मरणिकेत युद्धकलेचे काय काम, अशी शंका काही वाचकांस येईल, आणि ती अगदी रास्त आहे. तिचे उत्तर जपानच्या इतिहासातच आहे. इ. स. १८६८ च्या राज्यपालटानंतर तेथील सामुराई हा लढवय्या वर्ग मोडीत निघाला, आणि १८७६ साली सरकारने तलवार लावून हिंडण्यास बंदी केली. ज्या विद्या शतकानुशतके माणसे मारण्यासाठी शिकविल्या जात, त्यांचे प्रयोजनच संपले. पोटापाण्यासाठी कित्येक वस्ताद हाडवैद्यकी करू लागले. या विद्या टिकवावयाच्या असतील तर त्यांतून शत्रूचा नाश नव्हे, तर शिकणाऱ्याची घडण साधली पाहिजे, असा विचार तेव्हा पुढे आला. ‘जुत्सु’ म्हणजे कसब आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. जुजुत्सुमधून ज्यूदो ही नवी विद्या घडली, ती या विचाराने. आपण पाहणार आहोत तो हा मार्ग होय.

या परिवर्तनाचा अग्रणी पुरुष कानो जिगोरो हा स्वतः सामुराई नव्हता. १८६० साली कोबेजवळील मिकागे या गावी त्याचा जन्म झाला. मिकागे हे मद्य गाळण्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेले गाव, आणि कानो घराणे त्या धंद्यातील प्रतिष्ठित घराणे. वडील जहाजांच्या व्यवहारात होते. (धंदा आपल्या वाचकांना मानवणारा नसला, तरी मुलगा व्यापाऱ्याच्या घरचा होता एवढे लक्षात घ्यावे.) हा मुलगा अंगाने किरकोळ आणि उंचीने ठेंगणा. अभ्यासात हुशार, पण शाळेत दांडगी मुले त्याला सतावीत. दुबळ्याला बलवानावर मात करता येते अशी विद्या आहे, हे ऐकून तो तिच्या शोधास लागला. ज्या हाडवैद्यांना जुजुत्सु अवगत असे त्यांच्या पाट्या शोधीत तो तोक्योत हिंडला, आणि १८७७ साली फुकुदा हाचिनोसुके या वस्तादाकडे त्याचे शिक्षण सुरू झाले.

फुकुदांची शिकविण्याची तऱ्हा मोठी गमतीची होती. एक दिवस त्यांनी कानोला एका डावाने आपटले. विद्यापीठात तर्कशुद्ध शिक्षण घेणाऱ्या कानोने उठून विचारले, हात कोठे ठेवावयाचा, पाय कसा घालावयाचा, हे जरा समजावून सांगा. वस्तादांनी उत्तर दिले नाही. जवळ बोलावून पुन्हा आपटले. तो उठला, त्याने पुन्हा विचारले, पुन्हा आपटले. असे बराच वेळ चालले. हे पुरे व्हायचे नाही, समजावून सांगून कोणाला येत नसते, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. कानोने पुढे स्वतः शिकवावयास सुरुवात केल्यावर मात ही पद्धत उचलली नाही. डाव का लागतो, प्रतिपक्ष्याचा तोल कोणत्या क्षणी जातो, हे तो बारकाईने उलगडून सांगे. पण पडण्यातून शिकावयाचे असते हा गुरूचा धडा त्याने सोडला नाही. त्याला फक्त शिस्तीत बसविले.

१८८२ साली तोक्योतील एइशोजी या मंदिरात बारा चटयांच्या जागेत कानोने आपली तालीम सुरू केली आणि तिला ‘कोदोकान’ हे नाव दिले. पहिल्या वर्षी शिष्य अवघे नऊ. आदळआपटीने मंदिराची जमीन खचे, तेव्हा कानो रात्री कंदील घेऊन फळ्यांखाली शिरे आणि दुरुस्ती करी, असे सांगतात. या तालमीत आलेल्याला प्रथम कोणाला पाडावयाचे ते शिकवीत नसत. स्वतः कसे पडावयाचे ते शिकवीत. त्या विद्येला ‘उकेमी’ म्हणतात. आधी उताणे निजून दोन्ही हात चटईवर सपाट आपटावयाचे, हनुवटी छातीशी टेकवावयाची, म्हणजे डोके जमिनीला लागत नाही. ते साधले की उकिडवे बसून मागे पडावयाचे, मग उभे राहून, मग कुशीवर, मग पुढे कोलांटी घेत. नवख्याचे पहिले काही आठवडे, काही ठिकाणी महिने, यातच जातात. आपल्याकडील तालमीत नवा मुलगा जोर-बैठकांनी सुरुवात करतो. तेथे तो पडण्याने करतो.

यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. ज्याला पडण्याची भीती वाटते, त्याचे अंग ताठरते. ताठर माणसाला पाडणे सोपे, आणि त्याला डाव शिकविणे अवघड. कारण डाव टाकावयाचा तर स्वतःचा तोल क्षणभर धोक्यात घालावा लागतो. म्हणजे उकेमी ही केवळ इजा टाळण्याची युक्ती नसून पुढील सर्व शिक्षणाची किल्ली आहे. शंभर वेळा पडून शंभर वेळा उठलेल्या मुलाच्या दृष्टीने एकशेएकावे पडणे ही मानहानी राहत नाही. आपल्या धंद्यात मात्र आपण मुलाला नफा कसा काढावा हे पहिल्या दिवसापासून शिकवितो, आणि तोटा आला म्हणजे काय करावे हा विषय प्रत्यक्ष तोटा येईपर्यंत काढीत नाही. तो काढणे अशुभ, असेही काही घरी मानतात. माझ्या मते ही आपल्या शिक्षणातील मोठीच उणीव आहे.

कानोच्या उमेदवारीच्या काळातील आणखी एक हकिकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. फुकुदांच्या तालमीत फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड शिष्य होता, आणि कानोची त्याच्यापुढे डाळ शिजत नसे. ‘चिकाटी धर’ या सल्ल्याचा नेहमीचा अर्थ घेतला असता तर कानो त्याच डावांनी त्याच माणसाकडून वर्षभर आपटला गेला असता. त्याने तसे केले नाही. प्रथम त्याने सुमो कुस्तीतील डाव अभ्यासिले. ते लागू पडेनात. मग ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीवरील पुस्तके चाळली. त्यांत प्रतिपक्ष्याला खांद्यावर आडवे उचलून टाकण्याचा एक डाव त्याला सापडला. तो त्याने मित्रांवर घोटला आणि एक दिवस फुकुशिमाला चटईवर आणले. ‘काता-गुरुमा’ या नावाने हा डाव आज जगभर शिकविला जातो. एकच चूक नेटाने पुन्हा पुन्हा करणे याला चिकाटी म्हणत नाहीत; ध्येय तेच ठेवून वाट शोधीत राहणे याला म्हणतात. बाजार उठून गेला तरी त्याच मालाला कवटाळून बसणाऱ्या पेढ्या आपण पाहिल्या आहेत. त्यांच्या मालकांना चिकाटीची वाण होती असे कोणी म्हणणार नाही.

ज्यूदोची ही शिकवण पुढे आपल्या देशातही आली. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून १९२९ साली कोदोकानचे ताकागाकी शिंझो हे शांतिनिकेतनात आले आणि त्यांनी तेथे विद्यार्थ्यांना व विद्यार्थिनींना ज्यूदो शिकविला.

पडणे सोसवते, कंटाळा सोसवत नाही. शिकणारा सोडून जातो तो पुष्कळदा अपयशाने नव्हे, तर तोच तो पणाने. या शत्रूशी जपानी तालमी कशा झुंजतात ते धनुर्विद्येत विशेष दिसते. ‘क्यूदो’ या धनुर्विद्येत लक्ष्य २८ मीटरांवर असते आणि त्याचा व्यास ३६ सेंटिमीटर. पण नवख्याला ते लक्ष्य दुरूनच पाहावयाचे. आधी रबराच्या पट्ट्यावर नुसते ओढण्याचे हावभाव. मग ‘माकिवारा’ नावाच्या घट्ट बांधलेल्या गवताच्या भाऱ्यावर, अवघ्या दोन मीटरांवरून बाण सोडावयाचे. इतक्या जवळून बाण चुकणे शक्यच नाही, आणि हेतूही तोच. लागला की चुकला हा प्रश्न मिटला म्हणजे शिकणाऱ्याचे सर्व लक्ष आपली उभी राहण्याची ठेवण, श्वास, खांदे आणि सोडण्याची रीत यांकडे वळते. बाण सोडण्याच्या क्रियेचे आठ टप्पे मानले आहेत, आणि आठवा टप्पा बाण सुटून गेल्यानंतरचा आहे! बाण गेला, तरी हात तसेच पसरलेले, दृष्टी तशीच स्थिर ठेवून उभे राहावयाचे. यास ‘झानशिन’ म्हणतात; उरलेले, मागे राहिलेले मन असा त्याचा अर्थ. माल गाडीवर चढला, हुंडी पटली, म्हणजे व्यवहार संपला असे समजणाऱ्याने हा आठवा टप्पा विचारात घ्यावा.

कराटेची जपानी मुख्य भूमीस ओळख करून देणारे फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७) हे ओकिनावा बेटावरील शाळामास्तर. लहानपणी प्रकृती अशक्त म्हणून त्यांनी ही विद्या धरली. दिवसा शाळा करून रात्री कंदिलाच्या उजेडात ते अझातो या गुरूंच्या अंगणात जात. ‘काता’ म्हणजे ठरीव हालचालींची मालिका. एकच काता गुरू महिनोन् महिने करून घेत आणि समाधान झाल्याशिवाय पुढची देत नसत. तीन कातांस दहा वर्षे लागली, असे त्यांनी पुढे लिहून ठेविले आहे. १९२२ साली प्रात्यक्षिकासाठी ते तोक्योस गेले आणि तेथेच राहिले. तेव्हा वय पन्नाशीच्या पुढे, मिळकत नाही. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राखणदारी, झाडलोट, बागकाम करीत ते तेथील एका खोलीत शिकवीत. मास्तर म्हणून मान मिळविलेल्या माणसाने त्या वयात हातात केरसुणी घ्यावी, ही गोष्ट मला त्या दहा वर्षांच्या साधनेहूनही कठीण वाटते. तालमीची जमीन शिष्यांनीच ओल्या फडक्याने पुसावयाची, हा नियम जपानमधील बहुतेक तालमींत आजही पाळतात.

कोदोकानमधील एक प्रथा व्यापाऱ्यांना विशेष भावेल. वर्षातील कडाक्याच्या थंडीत, पहाटेच्या अंधारात रोज सराव करावयाचा. याला ‘कांगेइको’ म्हणतात. पूर्वी हा नेम तीस दिवसांचा असे, अलीकडे जानेवारीत दहा दिवसांचा असतो. यात स्पर्धा नाही, जिंकणे-हरणे नाही. जो एकही दिवस न चुकता आला त्याला प्रमाणपत्र मिळते; पट्टीचा मल्ल असला आणि एक दिवस अंथरुणात राहिला, तर त्याला मिळत नाही. गौरव कौशल्याचा नसून हजेरीचा आहे. आणि ती हजेरी एकट्याने द्यावयाची नसते. आपण गेलो नाही तर आपल्या जोडीदाराला सरावाला कोणी नाही, ही जाणीव पहाटे चार वाजता जे काम करते, ते कोणतेही सुभाषित करू शकणार नाही. वेळेवर दुकान उघडणे यात बुद्धीची चमक नसते. पण गिऱ्हाइकाचा भरवसा त्यावरच बसतो, हे आपणांस सांगावयास नको.

आता आकड्यांकडे वळू. आपल्या वाचकांना त्यांची भाषा अधिक जवळची. क्योतो शहरात ‘सांजूसान्गेन्दो’ नावाचे एक मंदिर आहे. त्याचा सभामंडप सुमारे १२० मीटर लांब. सतराव्या शतकात येथे एक विलक्षण स्पर्धा चाले. मंडपाच्या बाहेरील पडवीच्या एका टोकाशी बसून, वळचणीला वा खांबांना न लागता बाण दुसऱ्या टोकापार घालवावयाचा. आणि हे अहोरात्र, चोवीस तास. १६६९ साली ओवारी संस्थानच्या होशिनो कान्झाएमोन याने १०,५४२ बाण सोडले आणि त्यांपैकी ८,००० पार घातले. वेळ शिल्लक असूनही, पुढच्या पिढीचा उत्साह खचू नये म्हणून तो त्या भर आकड्यावर थांबला, अशी आख्यायिका आहे. १६८६ साली किशू संस्थानचा तरुण वासा दाइहाचिरो बसला. त्याने १३,०५३ बाण सोडले. ८,१३३ पार गेले. हा विक्रम पुढे कोणी मोडला नाही.

हा हिशेब जरा खतावणीत मांडून पाहावा. वासाने दर मिनिटास सरासरी नऊ बाण सोडले, तेही रात्रंदिवस. त्याचे चुकलेले बाण किती? ४,९२०. होशिनोचे चुकलेले २,५४२. शेकडा प्रमाण पाहिले तर होशिनोचे सुमारे ७६ बाण पार गेले आणि वासाचे ६२. म्हणजे नेमबाजीत होशिनो सरसच ठरतो. वासाने २,५११ बाण अधिक सोडले, तेव्हा कोठे त्याची १३३ बाणांची आघाडी झाली. तीनशेहून अधिक वर्षे ज्याचे नाव घेतले जाते त्या धनुर्धराच्या नावे जवळजवळ पाच हजार चुका जमा आहेत, आणि त्या कोणी लपविलेल्या नाहीत. विक्रमाशेजारीच नोंदलेल्या आहेत. रोजमेळ असा असावा.

या प्रसंगाची एक कथाही सांगतात. मध्येच वासाचा हात सुजून जड झाला, बाण खाली पडू लागले. तेव्हा प्रेक्षकांतून एक माणूस पुढे आला, त्याने छोट्या सुरीने वासाच्या हाताला छेद देऊन साकळलेले रक्त वाहू दिले, आणि वासा पुन्हा बाण सोडू लागला. तो माणूस होशिनो होता. ज्याचा उच्चांक मोडला जाणार होता तोच. कथा आहे, इतिहास म्हणून तिला मी शपथेवर उभी करणार नाही. पण जपानी माणसांनी ती सांभाळून ठेवली, हे महत्त्वाचे. एकाच बाजारपेठेत समोरासमोर दुकाने असणाऱ्यांनी तिचे मनन करावे.

चिकाटीला पायऱ्या कशा पाडाव्या, हे केंडो या तलवारविद्येच्या परीक्षांत दिसते. तलवार आता बांबूची असते. पहिल्या श्रेणीस ‘शोदान’ म्हणतात; ज्या श्रेणीला बाहेरचे लोक पारंगतता समजतात, तिच्या नावाचा अर्थ ‘आरंभीची पायरी’ असा आहे. पहिलीवरून दुसरीस बसावयाचे तर निदान एक वर्ष जावे लागते, दुसरीवरून तिसरीस दोन वर्षे, मग तीन, चार, पाच, सहा, आणि सातवीवरून आठवीस दहा. बेरीज केली तर एकतीस वर्षे भरतात, आणि ही एकदाही नापास न होणाऱ्याची गोष्ट. शिवाय आठवीच्या उमेदवाराचे वय किमान ४६ लागते. इतके करून परीक्षेत काही मिनिटांच्या झुंजी, आणि उत्तीर्ण होतात शेकडा एकाच्या आसपास. साठी-सत्तरीचे गृहस्थ, कोणी शिक्षक, कोणी पोलीस, कोणी दुकानदार, वर्षानुवर्षे क्योतोस येतात, नापास होतात, आणि परत जाऊन गावच्या तालमीत मुलांबरोबर पहिला धडा गिरवितात. त्यांच्या दृष्टीने वर्ष वाया गेलेले नसते. परीक्षेच्या निमित्ताने वर्षभराचा सराव झालेला असतो.

येथपर्यंत उजळ बाजू झाली. दुसरी बाजू न सांगणे हे वाचकांशी खोटे माप वापरल्यासारखे होईल. १९३० नंतरच्या काळात जपानच्या लष्करी राजवटीने याच तालमींतील सहनशीलतेचा उपयोग तरुणांना युद्धात लोटण्यासाठी केला. म्हणून १९४५ च्या पराभवानंतर या विद्यांना शाळांत काही वर्षे बंदी होती. आणि अगदी अलीकडची गोष्ट त्याहून जिव्हारी लागणारी आहे. नागोया विद्यापीठातील संशोधक उचिदा र्‍यो यांनी शाळांतील अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत ज्यूदो शिकताना शंभराहून अधिक शाळकरी मुले मरण पावल्याचे उघडकीस आले. पुष्कळांना डोक्याला मार लागला होता, आणि त्यांत पहिल्या वर्षाचे नवखे विद्यार्थी विशेष होते. ज्यांना अजून नीट पडता येत नव्हते त्यांना जोराने आपटले गेले होते. डोके दुखते, चक्कर येते असे कोणी म्हटले, तर ती कुचराई समजली जाई. २०१२ पासून माध्यमिक शाळांत युद्धकला आवश्यक विषय होणार होता. त्यामुळे या माहितीवर मोठा गदारोळ झाला, शिक्षकांसाठी नियम कडक झाले, काही वर्षे मृत्यूंची नोंद शून्यावर आली. पुढे पुन्हा एकदोन घटना घडल्या.

कानोने आखलेला क्रम उलटा केल्याचा हा परिणाम होता. पडणे आधी, पाडणे मागाहून. सोसण्याची ताकद आधी, ओझे मागाहून. चिकाटी शिष्याने धरावयाची असते हे खरे. पण किती ओझे द्यावयाचे, कधी थांबवावयाचे, हे ठरविण्याचे काम वस्तादाचे आहे, आणि ते शिष्यावर ढकलता येत नाही. मुलाला एकदम मोठ्या सौद्यात उतरवून वर ‘सोसावयास शीक’ म्हणणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा. सोसण्याचे शिक्षण दिले गेले नसेल, तर तो उपदेश नव्हे, निष्काळजीपणा आहे.

अखिल जपान ज्यूदो महासंघाने २०२२ साली प्राथमिक शाळेतील मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना वजनगटात बसविण्यासाठी उपाशी ठेवावे, आईबापांनी आणि शिक्षकांनी काठावरून पंचांवर ओरडावे, असे प्रकार वाढले होते. विजयाची ही हाव कोवळ्या वयात नको, असे महासंघाने कारण दिले. या निर्णयावर जपानमध्येच दुमत झाले. मुलांच्या समोरचे ध्येय काढून घेतले, तर त्यांनी पहाटे उठावे कशासाठी, असे काही पालकांनी विचारले. तालमी मात्र चालू आहेत, आणि नव्याने दाखल झालेले मूल अजूनही पहिल्या दिवशी उताणे निजून, हनुवटी छातीशी धरून, दोन्ही हात चटईवर आपटीत असते.